कॅरॅव्हॅनचे पहिले तीन दिवस: तुमची काय फजिती झाली?

गवती_चहा
आज सकाळी समोरचे आजीआजोबा गाडीला कॅरॅव्हॅन (मागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर) जोडून निघाले. आजी मागे उभ्या राहून हातवारे करतायत, आजोबा आरशात बघून भलतीकडेच वळवतायत. शेवटी आजी कमरेवर हात ठेवून नुसत्या उभ्या. मी खिडकीत चहा पीत हसत होते आणि एकदम आमचं २०१६ आठवलं.

सिडनीहून ब्रोकन हिलमार्गे अॅडलेड. गाडी आमची, कॅरॅव्हॅन भाड्याची. भाड्याने देणाऱ्याने पंधरा मिनिटांत सगळं दाखवलं. आम्ही दोघांनी माना डोलावल्या. मला वाटलं याला कळलंय, याला वाटलं मला. वाटेतल्या डब्बो गावच्या कॅरॅव्हॅन पार्कात पोचेस्तोवर अंधार, आणि कॅरॅव्हॅन रिव्हर्स घेऊन जागेत लावायची. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की मागचं धूड डावीकडे जातं हे नवऱ्याला तोंडपाठ होतं, हातांना माहीत नव्हतं. चौथ्या खेपेला शेजारचे काका बिअर खाली ठेवून उठून आले. म्हणाले, हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धर आणि मागचं टोक जिकडे न्यायचं तिकडे हात ने. एका दमात बसली. (नवरा अजून म्हणतो, जमतच आलं होतं.)

सकाळी कपाट उघडलं तर हळदीचा डबा उपडा, सगळी हळद पोह्यांत. कपाटाची कडी लावायची असते म्हणे! फोडणीआधीच पिवळे पोहे खाल्ले.

तिसऱ्या दिवशी कोबार ते विल्कानिया, २६० किमी. लाल माती, रानटी बोकडांचे कळप, मेलेल्या कांगारूवर बसलेला हा एवढा गरुड. तेव्हा लक्षात आलं, तोवर मी फक्त बाजूचा आरसा बघत होते.

लिहा तुमचंही. फजिती आधी, निसर्ग नंतर.

उसाचा_रस
ऑस्ट्रेलिया पाहिलेला नाही, पण आमच्याकडे कारखान्याच्या वजनकाट्यावर या. वीस वर्षांचं पोरगं एका हाताने फोनवर बोलत उसाची ट्रॉली रिव्हर्स घेतं. दोन ट्रॉल्या असल्या की मात्र तोही देवाचं नाव घेतो.

जाईजुई
@उसाचा_रस इकडे रोड ट्रेन बघा मग, एका ट्रकमागे दोन-तीन ट्रेलर. ५३ मीटरपर्यंत लांब असतात. आपण त्यांना ओव्हरटेक करताना वाऱ्याने आपली कॅरॅव्हॅन आधी आत ओढली जाते, मग बाहेर ढकलली जाते. पहिल्यांदा मी डोळे मिटले होते. गाडी मीच चालवत नव्हते म्हणून बरं.

बरं किस्सा. आम्ही अॅडलेडचे, ब्रोकन हिलहून परत येत होतो. साउथ ऑस्ट्रेलियात फळमाशीमुळे फळं आणता येत नाहीत हे माहीत होतं. टोमॅटो, मिरच्या, लिंबं हीसुद्धा त्यातच हे वाटेत युंटा गावाला बोर्ड वाचून कळलं! पुढे ओडला विराला तपासणी. दोन किलो टोमॅटो कचऱ्यात टाकायला जीव होईना. शिजवलेलं चालतं. मग काय, युंटालाच गाडी बाजूला लावली, टोमॅटोचं सार केलं, पाव किलो मिरच्या भाजून ठेचा. खाटखूट ऐकून दोन ट्रकवाले बघायला आले. एकाने चाखला. त्यानंतर तो बराच वेळ काही बोलला नाही.

मध्यरात्र
आमची पहिली फजिती घरातच. निघायच्या आदल्या रात्री फ्रिज गार करायचा होता, तर कॅरॅव्हॅनचा प्लग १५ अँपिअरचा, खालची पिन रुंद, घरच्या १० च्या सॉकेटात जाईना. नवरा पिन घासायला कानस घेऊन आला. मी कानस लपवली. अजून सापडलेली नाही.

पिंपळपान
टॉयलेटच्या कॅसेटबद्दल (खालची काढून रिकामी करायची टाकी) कुणीच लिहीत नाहीये, म्हणजे सगळ्यांचंच तसं झालेलं दिसतंय. रिकामी करताना हवेचं बटण दाबायचं असतं. एवढंच सांगतो.

गवती_चहा
@पिंपळपान 😂😂 बूट टाकून दिले का?

पिंपळपान
बूट, मोजे, पँट.

शेवंता
आम्ही २०१९ ला आईबाबांना घेऊन गेलो होतो. समोरून येणारे कॅरॅव्हॅनवाले स्टिअरिंगवरून एक बोट उचलतात ना, ते बाबांना फार आवडलं. पुढच्या सीटवर बसून ते प्रत्येकाला दोन्ही हात जोडून नमस्कार करायचे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोजत होते, मग सोडून दिलं. मागच्या वर्षी गेले. परवा एकटी गाडी चालवताना एक कॅरॅव्हॅन आली आणि माझाच हात वर गेला.

जाईजुई
शेवंता, काकांना नमस्कार गं.

उसाचा_रस
🙏

भरली_वांगी
धागा छान. ब्रोकन हिलला घड्याळ सिडनीपेक्षा अर्धा तास मागे असतं हे लक्षात ठेवा, तिथे साउथ ऑस्ट्रेलियाची वेळ पाळतात. आम्ही पार्कचं ऑफिस बंद होईल म्हणून धापा टाकत पोचलो, तर भरपूर वेळ होता. जाईजुई, ठेच्यात शेंगदाणे घातले का?

जाईजुई
छे! मिरची, लसूण, मीठ. शेंगदाणे घातले की चटणी झाली.

भरली_वांगी
आमच्याकडे घालतात.

मध्यरात्र
झालं सुरू. मला एक सांगा, भाड्याच्या कॅरॅव्हॅनमध्ये तवा असतो का? डिसेंबरात पुन्हा निघायचंय.

गवती_चहा
फ्रायपॅन असतो, त्यावर पोळी फुगत नाही. तवा घरून ने. आणि कालथा.

भरली_वांगी
कालथा म्हणजे उलथनं ना?

गवती_चहा
हो गं बाई, तेच.