रानात अचानक दिसलेली कळलावी – तुमचे अनुभव सांगा

उलटी_छत्री
काल ताम्हिणीत दीड तास अडकलो. रविवार, पाऊस, धबधबा आणि मध्येच गाडी उभी करून नाचणारी मंडळी, अजून काय होणार. काच खाली करून बसलो होतो तर लेक म्हणाली बाबा ते लाल काय आहे बघ, आणि समोर करवंदीच्या जाळीवर चढलेली कळलावी! पाच-सहा फुलं. पाकळ्या पार मागे वळलेल्या, वाऱ्याने छत्री उलटी होते ना तश्शा. खाली पिवळं वर लाल. मी एकदम १९९४ मध्ये.

सहावीत होतो. बाबांच्या ऑफिसातल्या लोकांबरोबर पहिला ट्रेक, कोंदिवड्याकडून राजमाची. कोंडाण्याच्या लेण्यांच्या वर धुक्यात वाट चुकली, मोठी माणसं आपापसात वाद घालत होती आणि मी एका झुडपासमोर उभा होतो कारण त्या सगळ्या हिरव्या-करड्यात ते एकच काहीतरी पेटल्यासारखं दिसत होतं. तोडलं, डब्यात ठेवलं. वर उधेवाडीत जेवायला थांबलो तिथल्या मावशींनी डबा उघडा बघितला आणि म्हणाल्या, पोरा ती टाक, कळलावी हाय ती, घरात नेशील तर भांडणं लागतील. मी हो म्हणालो आणि नाही टाकली. रात्री डोंबिवलीला घरी पोचलो, फूल पाण्याच्या ग्लासात ठेवलं, आणि तासाभरात आईबाबांचं असं भांडण झालं की शेजारचे काका दार वाजवून गेले. मी उठून फूल खिडकीतून फेकलं. कित्येक वर्षं मला खात्री होती की ते मीच लावलं. कोणाला सांगितलंही नाही, आज इथे पहिल्यांदा लिहितोय.

तुम्हाला कुठे दिसली? लिहा. फोटो असेल तर उत्तम.

फोडशीप्रेमी
माहुलीच्या वाटेवर. बाकी नंतर लिहितो, डबा भरतोय.

सुईणीची_नात
अरे बापरे केवढंसं पोर आणि केवढं ओझं 😔

कळलावीतली कळ भांडणाची नव्हेच मुळी, बाळंतपणाची. माझी पणजी सुईण होती, आजी सांगायची की बाई अडली की हिचा कंद उगाळून बेंबीवर आणि तळपायाला लेप लावायचे, कळा सुरू व्हायला. आणि मूल झालं की लगेच धुवून टाकायचा, विसरायचं नाही. संस्कृतात तर सरळ गर्भपातिनी नाव आहे. मग भाषेत कळ लावणारी म्हणजे कळलाव्या नारदाची बहीण झाली असावी असा माझा अंदाज. (कृपया कोणी प्रयोग करू नका, जहाल विषारी आहे, मी फक्त आजीचं सांगतेय.)

गोळ्याऔषधं
+१ विषारी. फूल, पान, बी सगळंच, कंद सगळ्यात जास्त. यात कोल्चिसीन असतं. गंमत म्हणजे तेच कोल्चिसीन गाउटवर गोळी म्हणून देतात, अगदी मिलिग्रॅमच्या अर्ध्या भागाइतकं, आणि डोस थोडा वर गेला तरी जुलाब-उलट्यांपासून सुरू होऊन प्रकरण हाताबाहेर जातं. माझ्या सासऱ्यांचा अंगठा सुजतो तेव्हा ती गोळी घेतात. त्यांना पन्हाळ्याला हे फूल दाखवून म्हटलं बाबा हे तुमचं औषध, तर म्हणे मग एवढे पैसे कशाला घालवतेस, मुळी काढ की. आता काय बोलणार.

बंड्या७७
सासरे रॉक्स 😂😂

अलिबागची
थांबा थांबा. घरात आणायची नाही हे मला नवीनच. आमच्याकडे गौरीला तेरडा आणतात तसं हे फूल पण आणतात, नावच "गौरीचे हात". पाकळ्या बघा ना वर उचललेल्या बोटांसारख्या दिसतात. लहानपणी गौरी आणायच्या दिवशी सकाळी आम्ही पोरी बंधाऱ्यावरून शोधत जायचो, पावसात भिजून, चिखलात चपला तुटून, आणि मिळालं नाही तर आजी म्हणायची आता गौर काय बिनहाताची बसवू? एका वर्षी एकच मिळालं, म्हणजे एकच हात, आणि त्यावरून मी आणि चुलतबहीण रडलो कारण दोघींना वाटत होतं ते आपल्याला सापडलं. आता बंधारा आहे पण पलीकडे बंगले झालेत. मागच्या वर्षी बाजारातून आणलं, जुडी वीस रुपये. चला दूध उतू जातंय

उलटी_छत्री
म्हणजे एका गावात उंबऱ्याबाहेर आणि पंचवीस कोसांवर थेट पाटावर. मस्तच.

अलिबागची
आणि भांडण आमच्याकडेही झालंच की, वर लिहिलंय बघा 😄

कोईमतूरची_सून
गौरीचे हात वाचून अंगावर काटा आला. मी लग्न होऊन इकडे आले, इकडे याला सेंगांदळ म्हणतात, तमिळनाडूचं राज्यफूल आहे. सासरे जुन्या तमिळ कवितांचे वेडे, त्यांनी सांगितलं होतं की संगम काळच्या कवितेत बायकांच्या बोटांना कांदळच्या, म्हणजे याच फुलाच्या, पाकळ्यांची उपमा देतात. कुठे अलिबाग कुठे हे, पण दोघांनाही हातच दिसले.

आणि इकडे याची चक्क शेती होते, धारापुरमकडे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा विश्वासच बसेना, आपण सह्याद्रीत एक दिसलं की ओरडतो आणि इथे तारांच्या आधाराने ओळीच्या ओळी. बियांसाठी लावतात, औषध कंपन्या घेतात. सकाळी बाया फुलाफुलाला हाताने पराग लावत जातात, कारण त्या फुलातली मधली दांडी बघा, काटकोनात बाहेर वळलेली असते, आपले पराग आपल्यालाच सहज लागू नयेत अशी सोय. जंगलात ते काम फुलपाखरं वगैरे करतात. दिवसभर वाकून काम, आणि मग ते हात नीट धुतल्याशिवाय जेवायचं नाही.

शिवाजीनगर_स्टँड
आमच्या सोसायटीत पिवळी आणि गुलाबी लिली आहे ती पाऊस पडला की येते. खूप छान दिसते.

बंड्या७७
काका ती रेन लिली, वेगळी

शिवाजीनगर_स्टँड
लिली ती लिली.

बॉटनी_नापास
तसं बघायला गेलं तर कळलावी पण आता लिलीच्या कुळात नाही, तिचं कूळ वेगळं काढलंय 🙈 पण काकांशी कोण वाद घालणार.

माझा अनुभव: नाणेघाटात मी मित्राला छातीठोकपणे सांगितलं की या दोन जाती आहेत, एक पिवळी एक लाल. शेजारी गुरं राखणारा दहा वर्षांचा मुलगा होता तो हसायलाच लागला. म्हणाला आज पिवळं हाय, दोन-तीन दिसांनी लाल व्हतंय. वेलीवर खालची फुलं आधी उमलतात म्हणून खाली लाल, मध्ये दोनरंगी, वर हिरवट कळ्या, सगळं एकाच वेलीवर. आणि पानाचं टोक त्याने दाखवलं, स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं, त्याने ती दुसऱ्या झाडाला धरून वर चढते. वेगळा ताणा बिणा काही नाही. चार वर्षं बॉटनी शिकून हे मला त्या पोराने शिकवलं.

म्हापशेकार
आमच्याकडे वाघनखी म्हणतात, चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीला बांधायला रानातून आणायची.

दख्खनी_मिसळ
वाघनखी म्हणजे ती काळी, दोन आकडे असलेली, कपड्याला अडकते ती ना?

म्हापशेकार
ती विंचवी हो. नावांचा गोंधळ आहे खरा. बचनाग पण म्हणतात हिला काही ठिकाणी आणि खरा बचनाग हिमालयातला, त्याचं फूल जांभळं. दोन्ही विष, एवढंच साम्य.

ब्रिस्बेनची_मावशी
आता मी सांगते ते ऐकून वाईट वाटेल. इथे वीकेंडला बुशवॉकला जातो. डिसेंबरात समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवरून चाललो होतो आणि समोर हीच! मी तर तिथेच बसले, मला माझी नेर्ल्याची टेकडी आठवली, डोळ्यांत पाणी. मुलगा म्हणाला आई ओरडू नकोस, ही वीड आहे. कोणीतरी बागेसाठी आणली, बागेतून पळाली आणि आता किनाऱ्यावरची इथली झाडं दाबून टाकते. पुढच्या महिन्यात त्याच्या ग्रुपबरोबर उपटायला गेले. हातमोजे, खुरपं, काळी पिशवी. कंद इंग्रजी व्ही सारखा असतो, टोक तुटून आत राहिलं की परत उगवते म्हणून अख्खा काढावा लागतो. मी प्रत्येक वेळी मनात म्हणत होते बाई माफ कर. गावाकडे आम्ही शोधून शोधून दमायचो, इथे तीन पिशव्या भरल्या. आपलीच माणसं परदेशात जास्त झाली की कसं बघतात तसं काहीसं वाटलं, जाऊ दे.

सुईणीची_नात
मावशी 🫂

व्ही म्हणजे नांगराच्या फाळासारखा, म्हणूनच लांगली म्हणतात. आजोबा सांगायचे कंद खणताना फाळ दिसला की हात आखडता घ्यायचा.

गोळ्याऔषधं
हे खरंच महत्त्वाचं आहे, रानातला कंद ओळखीच्या माणसाने दाखवल्याशिवाय खाऊ नका.

तिकीटवाला
१९७७ साली आपल्या पोस्टाने फुलांची तिकिटं काढली त्यात ही आहे, माझ्याकडे आहे. झिंबाब्वेचं तर राष्ट्रीय फूल. ते ऱ्होडेशिया असताना १९४७ मध्ये एलिझाबेथला एकविसाव्या वाढदिवसाला तिथल्या शाळकरी मुलांनी याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच दिला होता. त्यांच्या घरात पुढे किती भांडणं झाली ते आपण सगळ्यांनी पेपरात वाचलंच 😜

बंड्या७७
🤣🤣🤣 मावशींचं ऐकायला हवं होतं

फोडशीप्रेमी
आलो. तर माहुली. आम्ही खरं तर फोडशीची रानभाजी शोधायला गेलो होतो, जुलैत. पुढे गेलेला मित्र ओरडला साप साप, आम्ही सगळे मागे पळालो, एक जण घसरून थेट ओढ्यात. साप म्हणजे कळलावीची कळी, खाली मान घालून लोंबकळत होती. तो मित्र अजून मान्य करत नाही. फोडशी मात्र भरपूर मिळाली.

अलिबागची
फोडशीत मूगडाळ घालता की चणाडाळ?

उलटी_छत्री
एक अपडेट. हे सगळं वाचून आज आईला फोन केला, बाबा गेल्यापासून ती एकटीच असते. विचारलं राजमाचीच्या रात्रीचं भांडण आठवतं का. तिला फूल आठवत नाही. भांडण आठवतं, बाबांनी न विचारता काकाला पैसे दिले होते त्यावरून. म्हणाली ते आदल्या दिवशीपासूनच चाललं होतं, तुला ट्रेकला नेलं ते त्यासाठीच, घरात नको म्हणून. मग म्हणाली, ग्लास कुठला वापरलास रे, स्टीलचा की काचेचा, नंतर नीट घासला होतास ना?

सुईणीची_नात
आया 😂❤️

फोडशीप्रेमी
@अलिबागची मूगडाळ, भिजवलेली. आणि आतला तो पांढरा कडक दांडा काढून टाकायचा, नाहीतर घशाला खाजते.

शिवाजीनगर_स्टँड
आमच्याकडे चणाडाळ.