लॉरी बेकर म्हणजे फक्त स्वस्त घरं?

उंबरठा
नमस्कार मंडळी. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सेमिनारसाठी वास्तुविशारद लॉरी बेकर घेतलेत. वाचावं तिथे तेच: विटांच्या जाळ्या, कमी खर्च, 1990 ची पद्मश्री. पण 1917 मध्ये बर्मिंगहॅमला जन्मलेला माणूस तिरुवनंतपुरमचा कसा झाला? आणि 2007 मध्ये ते गेल्यावर मागे नेमकं काय राहिलं? त्यांच्या इमारतीत कुणी राहिलंय का?

दक्षिणवारा
मी राहिलेय. तिरुवनंतपुरममधल्या उळ्ळूरच्या, बेकरांनी बांधलेल्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये अर्थशास्त्राचं एम.फिल. केलं, तेव्हा वसतिगृहात. भिंतींना गिलावा नाही, वीट उघडी. भिंती सरळ जातच नाहीत, वळत वळत जातात. झाड आडवं आलं तर भिंत वळली, झाड तिथेच. आणि वळणदार भिंत मुळातच भक्कम उभी राहते, त्यामुळे जाडी कमी लागते, हे मला नंतर कळलं. जाळीतून वारा दिवसभर फिरायचा, उन्हाचे चौकोन फरशीवरून सरकत जायचे. तिथल्या उकाड्यात त्या जाळीची किंमत काय ते राहिल्यावरच कळतं. आवारातल्या संगणक केंद्राला तर दुहेरी भिंत आहे, बाहेरची सगळी जाळीची.

आयुष्याबद्दल थोडक्यात. क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे. महायुद्धात चीनमध्ये रुग्णसेवा केली. इंग्लंडला परतताना मुंबईत जहाजाची वाट पाहत अडकले आणि गांधीजींशी भेट झाली. घराचं सामान पाच मैलांच्या परिसरातलं असावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर धरला. 1945 मध्ये कुष्ठरुग्णांच्या इस्पितळांसाठी भारतात परतले. पत्नी एलिझाबेथ केरळच्या, डॉक्टर. दोघं हिमालयातल्या पिथोरागडला बरीच वर्षं राहिली. तिथल्या पहाडी घरांनी उताराचा आणि थंडीचा प्रश्न आधीच सोडवलेला होता, आणि बेकर तो गावकऱ्यांकडून शिकले. माझ्या मते त्यांचं खरं कॉलेज तेच. पुढे केरळ. 1989 मध्ये ते भारताचे नागरिक झाले.

आता तुझा मुख्य प्रश्न. 'स्वस्त' हा शब्द मला अपुरा वाटतो. घराचा पैसा कुठे जातो ते बघ. सिमेंट आणि सळईचा पैसा गावाबाहेर जातो. वीट, चुना आणि मजुरीचा पैसा तिथल्याच भट्टीवाल्याला आणि गवंड्याला मिळतो. बेकरांनी पहिला हिस्सा कमी केला आणि दुसरा वाढवला. अर्थशास्त्राच्या संस्थेचं आवार त्यांच्या हातून उभं राहावं, हे मला फार योग्य वाटतं. संस्थेचे संस्थापक अर्थतज्ज्ञ के. एन. राज आणि केरळचे तेव्हाचे मुख्यमंत्री अच्युत मेनन यांनी त्यांच्यावर विश्वास टाकला. याच मंडळींनी पुढे 1985 मध्ये कमी खर्चाच्या बांधकामाची कॉस्टफोर्ड ही संस्था उभारली, आणि ती आजही बांधते आहे.

ओळंबा
ताईंशी सहमत. मी बांधकामातला, म्हणून कामाचं सांगतो. रॅट-ट्रॅप बाँड या बेकरांनी वापरलेल्या वीटरचनेत वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावतात. नऊ इंची भिंतीत आत पोकळी राहते, साधारण 25 टक्के विटा वाचतात, माल कमी लागतो आणि उष्णता आत कमी येते. मात्र पहिला थर, खिडकीखालचा थर आणि दारं-खिडक्यांच्या कडा भरीव घ्याव्या लागतात. वीट एकसारखी हवी, नाहीतर उघड्या भिंतीत वाकडेपणा लगेच दिसतो. स्लॅबमध्ये खालच्या बाजूला मंगलोरी कौलं घालतात, कारण तिथलं काँक्रीट फारसा भार घेतच नाही.

एक मात्र तळमळीने सांगतो. हल्ली सिमेंटच्या सांगाड्याला वरून विटांची जाळी चिकटवतात आणि 'बेकर स्टाइल' म्हणतात. हा माणूस साइटवर गवंड्यांबरोबर उभा राहून तिथल्या तिथे नकाशा बदलायचा. सेमिनारला हे आधी मांड.

उंबरठा
ताई, दादा, खूप आभार! पैसा कुणाच्या हातात जातो, यावरच मांडणी करते. दिवाळीच्या सुट्टीत तिरुवनंतपुरमला जाऊन यायचा विचार आहे. कुठून सुरुवात करू?

दक्षिणवारा
तंपानूरचं, बेकरांनीच बांधलेलं इंडियन कॉफी हाऊस. बसस्थानकाला लागूनच आहे. आत मजले नाहीतच, मधल्या गाभ्याभोवती एकच चढण गोल फिरत वर जाते आणि टेबलं-बाकडी बांधकामातच आहेत. वरपर्यंत चढून जा आणि चढणीवर टेबल सपाट कसं ठेवलंय त्याचं स्केच काढ. नंतर उळ्ळूर. नालांचिऱ्याचं त्यांचं स्वतःचं घर, 'द हॅम्लेट', खडकाळ उतारावर आहे. तिथे जाण्याआधी कॉस्टफोर्डमध्ये विचारून घे.