सपाट पात्रांची बाजू

कथेतल्या दुय्यम पात्रालाही पूर्वेतिहास हवाच, असं काहींचं म्हणणं असतं. मला नाही पटत. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने १९२७ साली सपाट (एकाच गुणावर उभी) आणि गोलाकार (अनेक पैलू असलेली) पात्रं अशी विभागणी केली, तेव्हा सपाट पात्रं चटकन ओळखू येतात, लक्षात राहतात, हेही सांगितलंच होतं.

माझ्या कथेतला कारकून दोनदाच येतो. त्याचं चार पानी बालपण लिहून (हौस, दुसरं काय!) शेवटी सगळं उडवलं. उरलं एवढंच: सही करताना तो पेनाचं टोपण दातांत धरतो आणि तसाच बोलतो. पुरलं की!

नायिकेचं मात्र तसं भागेना. बरेच दिवस ती नुसतीच सोशिक. मग तिला आईशी एक क्षुल्लक खोटं बोलायला लावलं. ते का, हे शोधताना अख्खा शेवट बदलावा लागला.