रात्रपाळीची मावशी आली नाही, ए-304

वैशाली देवरे, ए-304 (8:41)
सगळ्यांना त्रास देते, पण आईंची रात्रपाळीची मावशी आज आली नाही. मावशी पाठवणारा ब्युरोवाला फोन उचलत नाही. 15 दिवसांचे पैसे आगाऊ घेऊन बसलाय. दिवसाच्या ताई म्हसरूळला जातात, त्यांना किती वेळ अडवून धरू? नाकातली नळी आणि कॅथेटर दोन्ही आहे. खात्रीचं कोणी माहीत आहे का?

जोशी काका, ए-601 (8:44)
वैशाली, पैसे रोख दिलेस की ऑनलाइन? रोख देऊ नये. रोखीचं वैद्यकीय बिल करसवलतीला चालत नाही. मी मार्चमध्येच ग्रुपवर लिहिलं होतं.

अमोल आहिरे, सी-104 (8:45)
काका, मावशी येऊ द्या आधी, रिटर्न नंतर भरू 😄

पाटील सेक्रेटरी, बी-403 (8:46)
सर्व सभासदांना सूचना : उद्या सकाळी 6 ते 10 टाकी धुण्याचे काम आहे. पाणी येणार नाही.

निकम सर, बी-101 (8:50)
वैशाली, जुलै चालू आहे. पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या बायका भाताच्या आवणीला गावी जातात. मग ब्युरोवाले एका केसवरची बाई उचलून दुसरीकडे पाठवतात. करारात "बदली बाई किती तासांत" असं काही लिहिलंय का?

वैशाली देवरे, ए-304 (8:52)
करार नाही सर. पावती आहे. तिच्यावर नुसतं "सेवा शुल्क" आहे.

निकम सर, बी-101 (8:59)
तिथेच घोळ होतो. पावती म्हणजे करार नव्हे. कागदावर या गोष्टी हव्यातच : रोजचा दर, ड्युटी किती ते किती, महिन्याला सुट्ट्या किती आणि सुट्टीच्या दिवसाचे पैसे कापणार का, बाई आली नाही तर किती तासांत दुसरी, आणि नाहीच मिळाली तर आगाऊ रक्कम किती दिवसांत परत. शिवाय बहुतेक ब्युरो एक अट घालतात, की बाईला परस्पर कामावर ठेवलं तर इतका दंड. ती अट वाचल्याशिवाय सही करू नये.

अजून एक. आपण दिलेल्या पैशातले बाईच्या हातात किती पडतात हे तिलाच विचारायचं. समजा आपण रोजचे 900 भरतो आणि तिला 600 मिळतात, तेही महिना भरल्यावर. तिचे पैसे ब्युरोने थकवले की ती सांगून जात नाही, येणं बंद करते. आपल्याला वाटतं बाई बेभरवशाची. म्हणून आगाऊ द्यायचे तर 7 दिवसांचे द्या, आणि पुढच्या हप्त्याआधी तिला मागचे मिळाले का ते विचारा.

मीना कुलकर्णी, बी-302 (9:02)
सर अगदी बरोबर. चहा-जेवण कोण देणार तेही लिहून घ्यावं. काही घरी त्या बायकांना डबा खायला जिन्यात बसवतात. नावं घेत नाही.

रूपाली शिंदे, बी-303 (9:03)
कुलकर्णी काकू, नाव घ्यायचं तर घ्या. आमच्या मावशींना उकडत होतं म्हणून त्या स्वतःहून बाहेर बसल्या होत्या.

जोशी काका, ए-601 (9:05)
पुन्हा लिहितो. रोख देऊ नये. आई-वडील 60 च्या पुढचे आणि त्यांचा आरोग्य विमा नसेल तर वैद्यकीय खर्चाची वर्षाला 50,000 पर्यंत वजावट मिळते. जुनी करप्रणाली घेतली असेल तरच. रोख असेल तर शून्य.

अमोल आहिरे, सी-104 (9:11)
वैशालीताई, आत्ता खाली गाडी लावताना वॉचमनला विचारलं. सव्वाआठला एक बाई आली होती. ए-304 म्हणाली. अॅपवर नोंद नाही म्हणून याने परत पाठवली.

वैशाली देवरे, ए-304 (9:12)
काय??

वैशाली देवरे, ए-304 (9:13)
मला इंटरकॉमवर एक फोन नाही करता आला?

पाटील सेक्रेटरी, बी-403 (9:16)
नियम सर्वसाधारण सभेत ठरला आहे. बी विंगमध्ये जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. घरकाम करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे आधार आणि पोलीस पडताळणीचा अर्ज आधी जमा करावा. वॉचमनने त्याचे काम केले.

निकम सर, बी-101 (9:19)
पाटील साहेब, नियमाला विरोध नाही. ओळख पटवलीच पाहिजे. पण बदली बाई संध्याकाळी 6 ला ठरते आणि 8 ला दारात उभी असते. पडताळणीला दिवस लागतात. रुग्णसेवेसाठी तात्पुरता पास हवा : आधारचा फोटो, ब्युरोच्या माणसाचा नंबर, घरच्यांचा इंटरकॉमवर होकार. 3 दिवसांपुरता. कायम राहिली तर पुढचा अर्ज इंदिरानगर पोलीस ठाण्यात.

रूपाली शिंदे, बी-303 (9:20)
पिझ्झावाल्याला सोडतात की वर!

पाटील सेक्रेटरी, बी-403 (9:21)
मॅडम, कृपया विषय भरकटवू नये. आजच्या रात्रीपुरते मी गेटवर सांगतो. वैशालीताई, ब्युरोला परत फोन लावा.

वैशाली देवरे, ए-304 (9:28)
लागला. ती मावशी पाथर्डी फाट्यापर्यंत पोचली होती, आता घरी निघाली. म्हणतो उद्या सकाळी 8 ला नवीन पाठवतो. म्हणजे आजची रात्र आमची आम्हीच. प्रशांत पुण्याला आहेत.

पवार सिस्टर, सी-502 (9:37)
घाबरू नकोस. नीट वाच.

नळीवर नाकपुडीपाशी खूण आहे ना? प्रत्येक वेळी आधी ती बघ. खूण सरकलेली दिसली तर काही घालायचं नाही, मला फोन. खूण जागेवर असेल तर पाठ 45 अंशांपर्यंत उचल. सिरिंजचा दांडा काढून टाक, नळी चिमटीत धरून 200 मिली फीड (पातळ आहार) ओत आणि आपोआप उतरू दे. दांड्याने ढकलायचं नाही. नंतर 30 मिली साधं पाणी, नाहीतर नळी चिकटते. मग अर्धा-पाऊण तास तसंच बसवून ठेव. लगेच आडवं केलं की फीड वर येतं आणि छातीत उतरतं. मध्येच खोकला आला किंवा धाप लागली तर थांब. शेवटचं फीड साडेदहाला दे, त्यानंतर सकाळी 6 ला. डॉक्टरांनी आईंना मधल्या वेळेचं काही लिहून दिलं असेल तर ते पाळ.

कूस 2 तासांनी. डाव्या बाजूने वारं गेलंय ना, तो हात धरून अजिबात ओढायचं नाही, खांदा निखळतो. खांदा आणि कंबर यांच्याखाली हात घालून वळव, पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये उशी. वळवलं की माकडहाड आणि टाचा बघ. लाल दिसलं तर बोटाने दाब. बोट काढल्यावरही लालच राहिलं तर तो व्रणाचा पहिला टप्पा. तिथे चोळायचं नाही, त्या बाजूला भार देऊ नको.

लघवीची पिशवी पलंगाच्या कडेला, कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकू न देता. कूस बदलताना पिशवी पोटावर ठेवतात, ती लघवी उलटी जाते. पिशवी भरायच्या आधी रिकामी कर आणि किती मिली ते लिहून ठेव. 24 तासांत 400 च्या खाली गेली तर डॉक्टरांना कळव.

मी रात्री 2 ला वर येते. दार नुसतं लोटून ठेव.

वैशाली देवरे, ए-304 (9:40)
सिस्टर 🙏🙏 तुमची उद्या ड्युटी आहे ना?

पवार सिस्टर, सी-502 (9:41)
दुपारची आहे. येते मी.

अमोल आहिरे, सी-104 (9:43)
ताई, दोन बादल्या आणि एक पिंप आत्ताच भरून ठेवा, सकाळी पाणी नाही. लागलं तर मी खालून चढवतो.

मीना कुलकर्णी, बी-302 (9:46)
त्यापेक्षा 24 तासांचीच ठेव ना. रोजची कटकट नको.

पवार सिस्टर, सी-502 (9:52)
काकू, 24 तासांची म्हणजे 24 तास जागी नव्हे. तिला रात्री 6-7 तास झोप आणि दिवसा 2 तास मोकळे द्यावेच लागतात. इथे दर 2 तासांनी कूस आहे. एकटी बाई चौथ्या-पाचव्या रात्री उठतच नाही, आणि मग व्रण होतात. अशा पेशंटला 12-12 तासांच्या दोन हव्यात, किंवा रात्री घरातलं कोणी वाटून घ्यायचं. अजून एक, उद्याच्या बाईला नळी घालायला, कॅथेटर बदलायला, इंजेक्शन द्यायला सांगू नका. तिच्याकडे होम हेल्थ एड किंवा जनरल ड्युटी असिस्टंटचा दाखला असला तरी ते काम तिचं नाही. त्याला जीएनएम किंवा एएनएम शिकलेली नर्स लागते, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली. ब्युरोवाले आयाबाईला "सिस्टर" म्हणून पाठवतात आणि सिस्टरचा दर लावतात. नोंदणी क्रमांक मागा.

रूपाली शिंदे, बी-303 (9:54)
मेडिक्लेममध्ये निघतात का हे पैसे?

निकम सर, बी-101 (9:58)
बहुतेक पॉलिसींत नाही. घरी उपचाराचं कलम असतं, पण ते हॉस्पिटलात ठेवण्याऐवजी डॉक्टरांच्या सल्ल्याने घरी केलेल्या उपचाराला. देखभालीच्या बाईचा पगार त्यात बसत नाही.

जोशी काका, ए-601 (10:04)
म्हणूनच सांगतोय, रोख नको. वैशाली, नीट बघ. सासूबाईंसाठीची वजावट तुला मिळणार नाही, मुलाला मिळते. तेव्हा पैसे प्रशांतच्या खात्यातून जाऊ देत. आणि 50,000 च्या वजावटीत मावशीचा पगार धरायचा का हे सीएला विचारा, शब्द "वैद्यकीय खर्च" असा आहे. त्यापेक्षा आईंचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा. आई प्रशांतवर अवलंबून आहेत, त्यामुळे 40 टक्क्यांपासून 75,000 आणि 80 टक्क्यांपासून 1,25,000 सरसकट वजावट आहे, त्यात शुश्रूषा स्पष्ट लिहिलेली आहे. जुन्या कायद्यात ते कलम 80डीडी होतं, 1 एप्रिल 2026 पासून नव्या कायद्यात नंबर बदलला. हीसुद्धा जुन्या करप्रणालीतच.

वैशाली देवरे, ए-304 (10:06)
काका, हे खरंच माहीत नव्हतं. सगळे पैसे माझ्या खात्यातून गेलेत. पुढचे त्यांच्या खात्यातून देते.

पाटील सेक्रेटरी, बी-403 (10:11)
तात्पुरत्या पासचा विषय रविवारी कमिटीत घेतो. निकम सरांनी लेखी द्यावे. तोपर्यंत कोणाच्याही घरी रुग्णसेवेची व्यक्ती आली तर वॉचमन इंटरकॉम करेल. घरच्यांनी उचलला पाहिजे, नंतर मला दोष नको.

रूपाली शिंदे, बी-303 (10:12)
इंटरकॉम बी विंगला तीन आठवडे बंद आहे साहेब.

पाटील सेक्रेटरी, बी-403 (10:13)
मग मोबाइलवर.

वैशाली देवरे, ए-304 (10:21)
सिस्टर, एक राहिलं. हवेच्या गादीवर मी जुनी गोधडी दुमडून घातली आहे, ओलं होऊ नये म्हणून. चालेल ना? आणि पंप रात्री बंद करू का, आवाज येतो.

पवार सिस्टर, सी-502 (10:24)
गोधडी काढ. वर एकच पातळ चादर, सैल. जाड थर घातला की गादीचा उपयोग संपला. पंप बंद करायचा नाही, त्याला वीज फार लागत नाही, इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लाव. बटण आईंच्या वजनावर ठेव, आणि माकडहाडाच्या बरोबर खाली, गादीच्या तळाला तळहात सरकवून बघ. हाताच्या वर इंचभर हवा लागली पाहिजे. हाड हाताला टेकतंय असं वाटलं तर बटण एक घर वाढव.