घरात दोघंच, म्हणजे संशयितही एकच

मुलं आपापल्या संसाराला लागली आणि घरात आम्ही दोघंच उरलो, तेव्हा सगळे म्हणाले, आता निवांतपणा. कसला निवांतपणा! घर भरलेलं होतं तेव्हा हरवलेली कात्री कोणाच्याही नावावर खपवता यायची. आता कात्री जागेवर नसली की आरोपी ठरलेला. 'मी नाही घेतली' म्हटलं की समोरून लगेच, 'मग काय मी घेतली?' खटला तिथेच निकाली. कात्री मात्र मिळत नाही.

तर साठी ओलांडलेल्या जोडप्यांनी (आणि त्यांच्या सोशिक मुलांनी) आपापल्या घरचे घोळ इथे लिहावेत. दुखणीखुपणी नकोत, त्यासाठी दुसऱ्या जागा आहेत. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधल्याचा किस्साही नको, तो प्रत्येक घरात होऊन गेलाय.

सुरुवात माझ्यापासून. आम्ही दोघांनी वाचायचे चष्मे एकदमच केले आणि फ्रेमही एकच आवडली. तिथेच माशी शिंकली. काही दिवसांतच वाचताना माझं डोकं जड व्हायला लागलं. बीपी मोजून झालं, उशी बदलून झाली. पलीकडे ही पेपर हातभर लांब धरून म्हणतेय, 'हल्ली छपाई फारच फिकी करतात बाई.' शेवटी चष्मेवाल्याने काच यंत्राखाली धरली आणि म्हणाला, 'काका, हा नंबर तुमचा नाहीच. काकूंचा बघू जरा.' पुन्हा घोटाळा नको म्हणून एका चष्म्याच्या काडीला लाल दोरा बांधला. सध्या लाल दोरा कोणाचा, यावर वाद चालू आहे.

*

आमच्याकडे वाद कानांचा. ह्यांना सगळ्या जगाचं ऐकू येतं, फक्त माझं येत नाही. कानाच्या डॉक्टरांनी समजावलं की वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज जातात. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज त्यामुळे अस्पष्ट होतात, आणि स, श, फ ही अक्षरं तर बोलण्यातून गळूनच पडतात. झालं! ह्यांना प्रमाणपत्रच मिळालं. आता काहीही म्हटलं की, 'डॉक्टरच म्हणालेत, तुझा आवाज माझ्या कक्षेत बसत नाही.'

परवा लग्नाला जायचं होतं. मी आतून ओरडून सांगितलं, 'सातला निघायचंय हो!' ह्यांनी ऐकलं, 'आत्ता निघायचंय.' मी दुपारची झोप काढून बाहेर आले तर हे नवा झब्बा, अत्तर, बूट अशा थाटात दाराशी खुर्ची टाकून बसलेले आणि तोंड हे एवढं! म्हणाले, 'बायकांना तयार व्हायला किती वेळ लागतो, त्याला काही मर्यादा?'

आणि गंमत म्हणजे, बहिणीशी फोनवर ह्यांच्याबद्दल कुजबुजत जरी बोलले तरी तिसऱ्या खोलीतून आवाज येतो, 'ऐकतोय मी!'

*

ताई, यंत्र घेऊन द्या त्यांना. पण आधी आमचा अनुभव वाचा, मग ठरवा.

कानाच्या यंत्राचे सेल बटणाएवढे असतात आणि त्यांना एक चिकटपट्टी लावलेली असते. ती काढली की बारीक भोकांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. एकदा जागा झाला की झाला, पट्टी परत लावली तरी झोपत नाही. आमच्या सौभाग्यवतींना नीटनेटकेपणाची हौस. 'तुम्हाला नखाने ती पट्टी निघत नाही, दर वेळी चिडचिड करता,' म्हणून त्यांनी एका दुपारी सगळ्या पाकिटांतल्या सगळ्या सेलच्या पट्ट्या काढल्या आणि सेल एका छानशा डबीत भरून ठेवले. पहिले दोन चालले. नंतर डबीतून काढेन तो सेल मेलेला. मी यंत्र बिघडलं म्हणून दुकानात भांडून आलो. तिथल्या मुलीने एकच प्रश्न विचारला, 'काका, पट्टी कोणी काढली?' मी हिच्याकडे पाहिलं, हिने छताकडे पाहिलं.

त्यानंतर चार्जिंगचं यंत्र घेतलं, ब्लूटूथवालं. नातवाने ते फोनला जोडून दिलं. कोणाच्या फोनला, हे कोणीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत पेपर वाचत बसलो होतो. अचानक माझ्या दोन्ही कानांत मेव्हणी बोलायला लागली. 'हं, बोल गं. हे आहेत का जवळपास?' मी दचकून मागे पाहिलं. कोणी नाही. आत ही फोन कानाला लावून, 'हॅलो? हॅलो? अगं आवाजच येत नाहीये तुझा.' इकडे माझ्या कानात स्वच्छ, 'मला येतोय की! अगं, ते परवा आले होते ना, तेव्हा किती बोलत होते! ह्यांचं डोकं उठलं. तू कशी सहन करतेस देव जाणे.' आत फोन हापटल्याचा आवाज. 'हॅलो! मेला फोनच बिघडलाय.' कानात, 'तू फोन आपटू नको, मीच करते परत.' पुन्हा रिंग, तीही माझ्याच कानात.

यंत्र काढून ठेवता आलं असतं, हे मान्य. पण विषय माझाच होता. असं ऐकायची संधी माणसाला जिवंतपणी कुठे मिळते!

*

वरचा किस्सा ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा. तिसऱ्यांदा फोनच हातात दिला.

*

माझे आई-बाबा. बीपीचं मशीन मीच आणून दिलं आणि मोजायची रीत कागदावर लिहून भिंतीला लावली. आधी पाच मिनिटं स्वस्थ बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला टेकलेले, दंड छातीच्या उंचीला, मोजताना बोलायचं नाही. आई कागद वाचून कडक शिस्तीत बाबांना बसवते. 'हलू नका. बोलू नका.' बाबा डोळे मिटून ध्यानस्थ. पट्टा फुगायला लागतो आणि नेमकं तेव्हाच आईला आठवतं, 'अहो, लाइटबिल भरलंत ना?' बाबांना उत्तर द्यायची बंदी. ते भुवयांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न करतात. 'म्हणजे नाही भरलं. वाटलंच मला.' आकडा वर. आई तो वहीत लिहून घेते.

डॉक्टरांनी वही पाहून विचारलं, 'सकाळचे आकडे नेहमीच जास्त कसे?' बाबा म्हणाले, 'ते माझे नाहीत, हिचे आहेत.'

*

पंखा. ती ३ वर ठेवते, मी १ वर. वाटाघाटींत २ ठरला होता. रात्री दोघंही एकमेकांना झोप लागायची वाट बघत पडून असतो.

*

'नीट ठेवलंय.' या दोन शब्दांनी आमच्या घरात जेवढा उच्छाद मांडलाय तेवढा उंदरांनी मांडला नसेल. इकडेतिकडे टाकलेली वस्तू सापडते, नीट ठेवलेली कधीच नाही. कपाटाची जादा किल्ली नीट ठेवलेली आहे. ती जिथे ठेवली ती जागा लक्षात राहावी म्हणून एका चिठ्ठीवर लिहिलंय. चिठ्ठी कपाटात आहे.

*

ओटीपीचं कोणीच कसं लिहिलं नाही?

फोन हिच्याकडे, संगणकासमोर मी. ही पलीकडच्या खोलीतून जोड्या करून सांगते. 'चोवीस!' मी 'चो' ऐकल्याबरोबर ४ दाबतो, मग 'वीस' येतं, मग खोडाखोड. 'एकोणसाठ!' इथे मी थांबतो. एकोणसाठ म्हणजे साठाच्या आधीचा की पुढचा, हे शाळेपासूनचं दुखणं आहे. मी म्हणतो, 'सुटे सुटे सांग गं.' ती म्हणते, 'सुटे म्हणजे काय? पाढे येत नाहीत का तुम्हाला?' तेवढ्यात वेळ संपतो. नवा आकडा मागवला की ही जुन्याच मेसेजमधला वाचते, कारण तो वर असतो, का खाली असतो, कुठेतरी असतो. तिसऱ्या चुकीनंतर खातं बंद. मग मदतीसाठी फोन लावायचा, आणि तिथली बाई म्हणते, 'आपल्या मोबाइलवर एक ओटीपी आला असेल, सर.'

*

हिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यातलं भिंग वयानुसार पिवळट होत जातं, ते काढून नवं बसवलं की रंग एकदम लख्ख दिसतात, निळा तर जास्तच. हे मला नंतर कळलं. पट्टी निघाल्यावर घरी आली आणि दारातच थबकली. 'भिंती इतक्या कळकट कधी झाल्या? आणि हा पडदा पांढरा आहे? मी क्रीम समजत होते!' दोन दिवस घरात रंगाऱ्याच्या गप्पा. मग नजर माझ्याकडे वळली. एकदा हा डोळा मिटून, एकदा तो मिटून मला न्याहाळलं. दोन-तीनदा खात्री केली. म्हणाली, 'या जुन्या डोळ्याने बरे दिसता हो.'

दुसऱ्या डोळ्याची तारीख घ्यायची आहे. मला काही घाई नाही.

*

आमचं संभाषण, जसंच्या तसं:

'अगं तो नाही का, त्या हिचा तो.'
'कोण, तो त्यांच्या इथला?'
'नाही गं, तो नव्हे. तो तिकडे गेला होता बघ, त्या ह्याला.'
'अच्छा, तो! त्याचं काय?'
'तो गेला.'
'कुठे?'
'अगं, गेला म्हणजे तिकडे राहायला गेला.'

नाव दोघांनाही आठवलेलं नव्हतं. रात्री गाढ झोपेत असताना तिने मला गदागदा हलवून ते नाव सांगितलं. तोवर मी विसरलो होतो की विषय काय होता.

*

तातडीने सल्ला हवा आहे.

ह्यांच्या चुलतभावाकडे समारंभ आहे. मी माझ्या बहिणीला लिहिलं, 'ह्या वेळी काहीतरी कारण काढून टाळूया, त्यांच्याकडची भाषणं सोसवत नाहीत.' ते गेलं सगळ्या कुटुंबाच्या ग्रुपवर. मी किंचाळले. हे धावत आले, 'घाबरू नकोस, दे इकडे, मला येतं.' मोठ्या ऐटीत बोट दाबलं आणि म्हणाले, 'बघ, गेला की नाही?' खरंच, मेसेज गायब! मला इतकं कौतुक वाटलं ह्यांचं.

ह्यांनी 'डिलीट फॉर मी' दाबलं होतं. म्हणजे तो मेसेज आता माझा फोन सोडून बाकी सगळ्यांच्या फोनवर सुखरूप आहे. माझ्याकडेच नसल्यामुळे सगळ्यांकडून काढायची सोयही गेली. एका काकांनी अंगठा दिला. भाचीने हसून हसून रडणारे चेहरे पाठवले. आणि रात्री उशिरा जाऊबाईंचं उत्तर आलं, 'कारण सुचलं की कळव.'

समारंभ रविवारी आहे. हे म्हणतात, आता जावंच लागेल, आणि वर भाषणही मलाच करायला लावणार आहेत म्हणे. कारण सुचवा कोणीतरी. तब्येतीचं नको, ते मागच्या वर्षी वापरलंय.