टाकीतला पेट्रोल पंप घरीच बदलायचाय, रिंग हलत नाहीये, मदत हवी

नमस्कार मंडळी,

गाडी 2012 ची पेट्रोल हॅचबॅक, नंतर बाहेरून सीएनजी किट बसवलंय. गेल्या महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढात गॅस संपला, गाडी पेट्रोलवर गेली आणि दुसऱ्याच वळणावर झटके खाऊन बंद. सेल्फ व्यवस्थित लागत होता, पण इंजिन काही पकडेना. मागे एसटीचा हॉर्न, बायको बोनेटकडे बघतेय आणि मी बायकोकडे. अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशा थाटात सुरू झाली.

तेव्हापासून गॅसवर मस्त पळते, पण पेट्रोलवर टाकली की दहा-पंधरा मिनिटांत तेच रडगाणं. म्हणजे प्लग आणि कॉइल ठीक आहेत असं मी धरून चाललोय. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद जो 'घुंऽऽ' आवाज यायचा, तो गाडी तापल्यावर येत नाही.

गॅरेजवाल्याने सीट न उचलताच 'अख्खी असेंब्ली, साडेनऊ हजार' (म्हणजे मोटर, जाळी वगैरे धरून पंपाचा सगळा संच) सांगितलं. नाना पेठेत नुसती मोटर सतराशेला मिळतेय. काल सीट काढली (खाली चिक्कीचे तीन कागद आणि हरवलेला पाना मिळाला). नशिबाने पत्र्याचं झाकण आहे, नाहीतर टाकीच उतरवावी लागली असती. पण पंप दाबून धरणारी प्लास्टिकची मोठी रिंग तसूभरही हलत नाही. जोर लावायची भीती वाटते. आणि मुळात पंपच गेलाय, की रिले (त्याला करंट देणारा छोटा स्विच)? बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये हे काम केलं तर चालेल का?

प्रतिसाद

रिंगेला हात लावायच्या आधी खात्री करा. पंपाचा रिले बहुतेक वेळा हॉर्नच्या रिलेसारखाच असतो. नंबर जुळत असेल तर अदलाबदल करून बघा, फुकटातली तपासणी आहे. मग गाडी बंद पडलेली असताना पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज बघा, पण कनेक्टर लावलेला ठेवून, मागून पिन घालून. काढलेल्या कनेक्टरवर गंजलेली वायरसुद्धा 12 व्होल्ट दाखवते, लोड आला की मान टाकते. व्होल्टेज येतंय आणि पंप गप्प आहे, तर टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने दोन-चार हलक्या टपल्या मारा. फिरायला लागला तर मोटरच्या आतले कार्बन ब्रश झिजलेत.

प्रतिसाद

टाकीत पेट्रोल किती ठेवता हो? गॅसवाल्यांचे पंप जाण्याचं अर्धं कारण तिथे असतं. हा पंप म्हणजे विहिरीतली पाणबुडी मोटर. ज्यात बुडलाय त्याच पेट्रोलने थंड होतो. काटा कायम तळाला असेल तर तो कोरडा तापतो, वर तळाचा गाळ जाळीत ओढतो. त्यात आता 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, ते हवेतला ओलावा धरून ठेवतं.

धागाकर्ता

पकडलंत. दोनशेचं पेट्रोल टाकायचं, तेही लाज वाटली तर. :)

रिले बदलून पाहिला, फरक नाही. गाडी तापवून बंद पाडली, मुलाला चावी फिरवायला लावली. 11.8 व्होल्ट येतात, आवाज शून्य. टाकीला तिसऱ्या टपलीत पंप 'घुंऽऽ' करून चालू! म्हणजे मोटरच. आता रिंग.

प्रतिसाद

पार्किंगमध्ये अजिबात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचून राहते. तुमच्या पार्किंगमध्ये पाण्याची मोटर असेलच, ती आपोआप चालू झाली आणि ठिणगी पडली तर? गाडी मोकळ्यावर घ्या, चारही दारं उघडा, पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. पिवळा दिवा वायरने लोंबकळवू नका.

आधी लाइनमधलं प्रेशर उतरवा, साधारण 3 बार असतं. पंपाचा फ्यूज काढून गाडी चालू करा, आपोआप मरेल. तुमच्या बाबतीत मेख अशी की स्विच पेट्रोलवर हवा. गॅसवर चालत राहिली तर प्रेशर तसंच राहील आणि पाइप काढताना तोंडावर फवारा. मग गॅसच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढा.

रिंगेभोवतीची धूळ आधी ब्रशने आणि ओल्या फडक्याने काढा, उघडल्यावर ती टाकीत पडते. पंप परत त्याच जागी बसावा म्हणून पंपाच्या आणि टाकीच्या कडेवर मार्करने एक रेघ ओढा. मग लाकडी ठोकळा रिंगेच्या दातावर तिरका धरून हातोडीने गोल फिरत थोडं-थोडं ठोका, घड्याळाच्या उलट. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर लावू नका, ठिणगीही नको आणि दातही तुटायला नकोत. पंप सरळ वर न ओढता कलता काढा, फ्लोटची (पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या तरंगत्या गोळ्याची) तार वाकली की काटा जन्मभर खोटं बोलतो.

जुनी ओ-रिंग (पंप आणि टाकीमधलं गोल रबरी सील) पेट्रोलने फुगलेली असते, परत बसणार नाही. नवी आणूनच उघडा. जाळीही नवी. असेंब्लीच्या आतली छोटी नळी बदलायची झालीच तर पेट्रोलात बुडून राहणारीच मागा. बाहेरची साधी नळी आत सडते. मोटरच्या वायरींची अदलाबदल नको.

धागाकर्ता

एवढं कोणी गॅरेजमध्येही सांगितलं नसतं. ओ-रिंग आणि जाळी आणायला निघालोय. वॉचमनला पाण्याच्या मोटरचं विचारलं तर म्हणाला, 'तिचा काय नेम नाही साहेब.' रविवारी सकाळी गाडी मागच्या मैदानात ढकलतो.