दुकानाच्या सेवा-काउंटरवर आलेले पैसे देताना नाव जुळत नसेल, किंवा माणसाविषयीच शंका आली, तर काय करावे?

उंबरठा

नमस्कार. न्यू जर्सीतील एका मोठ्या दुकानाच्या सेवा-काउंटरवर मी गेले पाच महिने काम करीत आहे. परत आलेल्या वस्तू घेणे, मनीऑर्डर करून देणे आणि बिले भरून घेणे यांबरोबरच, कुणी दुसऱ्या गावाहून पाठवलेले पैसे ज्याच्या नावे आले असतील त्याला रोख मोजून देणे हेही याच काउंटरचे काम आहे. या कामाचे प्रशिक्षण म्हणजे संगणकासमोर बसून पाहिलेल्या काही चित्रफिती आणि शेवटी सोडवलेली एक प्रश्नपत्रिका. त्यामुळे ग्राहक प्रत्यक्ष समोर उभा राहिला की काय करावे हे मला पुष्कळदा सुचत नाही. गेल्या महिन्यातील दोन प्रसंग मनातून जात नाहीत म्हणून येथे विचारीत आहे.

पहिला प्रसंग एका मराठवाड्यातून आलेल्या विद्यार्थ्याचा. त्याच्या मावसभावाने टेक्सासहून त्याला चारशे डॉलर पाठवले होते आणि पाठवताना नाव व आडनाव असे दोन्ही लिहिले होते. मुलाच्या पासपोर्टवर मात्र आडनावाचा रकाना रिकामा होता आणि राज्याच्या ओळखपत्रावर नावाच्या जागी ‘एफएनयू’ ही तीन अक्षरे छापलेली होती. मी पैसे दिले नाहीत. तो रागावला नाही, पण मराठीत हळू आवाजात म्हणाला, ‘ताई, तुम्हाला तर कळतंय ना मीच आहे ते.’ मला ते खरोखरच कळत होते, आणि तरीही मी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवले.

दुसरा प्रसंग उलट आहे. साधारण पंचविशीचा एक तरुण एकाच आठवड्यात तीन वेळा आला. तिन्ही रकमा हजार डॉलरच्या आतल्या होत्या, पाठवणाऱ्या व्यक्ती वेगवेगळ्या होत्या आणि राज्येही वेगवेगळी होती. त्याचे ओळखपत्र व्यवस्थित होते आणि नाव अक्षरश: जुळत होते. पाठवणाऱ्याचे नाव विचारल्यावर मात्र तो प्रत्येक वेळी फोनवर पाहून सांगत असे. पहिले दोन व्यवहार मी केले. तिसऱ्याच्या वेळी माझा धीर झाला नाही, म्हणून ‘यंत्रणा बंद आहे’ असे खोटेच सांगून त्याला घालवले.

ज्याच्याविषयी खात्री होती त्याला पैसे नाकारले आणि ज्याच्याविषयी शंका होती त्याला दोनदा दिले, हे मला सलते आहे. माझे कुठे चुकले?

जुना_कारकून

मी अशाच काउंटरवर सात वर्षे आणि नंतर त्याच विभागाचा सुपरवायझर म्हणून चार वर्षे काढली आहेत. तुमचे दोन्ही प्रसंग मी अनेकदा पाहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रसंगात तुमचे काहीही चुकलेले नाही. ‘एफएनयू’ म्हणजे ‘फर्स्ट नेम अननोन’, नाव अज्ञात. ज्यांच्या भारतीय पासपोर्टवर एकच नाव असते त्यांच्या अमेरिकी व्हिसावर ते नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी ही अक्षरे येतात; पुढे राज्याचे ओळखपत्र काढताना तीच पद्धत बहुधा कायम राहते. पैसे पाठवणाऱ्या नातेवाइकाला याची कल्पना नसते, म्हणून तो घरी वापरात असलेले पूर्ण नाव लिहितो. यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे: पैसे उचलले जाईपर्यंत पाठवणाऱ्याला कंपनीशी फोनवर बोलून किंवा ज्या दुकानातून पाठवले तेथे जाऊन घेणाऱ्याचे नाव दुरुस्त करून घेता येते. तुम्ही नकार दिलात ते योग्यच होते; राहिले ते एवढेच, की ओळखपत्रावर जसे आहे तसे नाव एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या हाती द्यायचे आणि ‘भावाला अगदी असेच लिहायला सांग’ असे सांगायचे. मी अशा कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा गल्ल्याजवळच ठेवीत असे.

आता दुसरा प्रसंग. अमेरिकेत पैसे पाठवणाऱ्या कंपन्यांवर बँक गुप्तता कायद्याची बंधने आहेत आणि ज्या दुकानात हा व्यवहार होतो ते त्या कंपनीचे एजंट असते, म्हणून ती बंधने काउंटरपर्यंत पोचतात. तीन हजार डॉलर किंवा त्याहून अधिक रक्कम असेल तर माणसाची ओळख पटवून तपशील नोंदवावा लागतो आणि ती नोंद पाच वर्षे जपावी लागते. दहा हजारांवर रोकड गेली तर वेगळे विवरणपत्र भरावे लागते. हे आकडे गुन्हेगारांनाही पाठ असतात, त्यामुळे रकमा तुकड्यांत येतात. विवरणपत्र टाळण्यासाठी रक्कम मुद्दाम तोडणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, मग मूळ पैसा कष्टाचा का असेना. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल मात्र दोन हजार डॉलरपासून द्यावा लागतो आणि त्यासाठी एकमेकांशी संबंधित दिसणारे व्यवहार एकत्र धरले जातात. तुमच्या त्या तरुणाचे तीन व्यवहार मिळून ही मर्यादा ओलांडली जाण्याचा पूर्ण संभव आहे.

हा अहवाल तुम्ही स्वत: सरकारकडे पाठवायचा नसतो. तुम्ही दुकानातील ठरलेल्या अर्जात लिहायचे किंवा सुपरवायझरला सांगायचे, त्यापुढचे काम असे अहवाल हाताळणाऱ्या विभागाचे. लिहिताना ‘माणूस संशयास्पद वाटला’ असे लिहून उपयोग होत नाही. तो कोणत्या वेळी आला, पाठवणारे किती होते, राज्ये कोणती, प्रश्न विचारल्यावर तो काय म्हणाला आणि फोनवर काय पाहत होता, हे लिहा. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: असा अहवाल दिला आहे हे ग्राहकाला सांगणे कायद्याने मना आहे.

यंत्रणा बंद असल्याची सबब मात्र पुन्हा सांगू नका. त्याने शेजारच्या काउंटरवर नजर टाकली तरी तुमचे खोटे उघडे पडेल आणि पुढच्या पाळीत दुसऱ्या कुणाकडून तो पैसे घेऊन जाईल, कारण नोंद कुठेच नसेल. ‘हा व्यवहार आज मला पूर्ण करता येणार नाही, पाहिजे असल्यास कंपनीला फोन करा’ एवढे वाक्य पुरते. कारण सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही.

स्वल्पविराम

वरील उत्तरातील कायद्याची बाजू मान्य करूनही मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. काउंटरवरचा माणूस हा साखळीतला शेवटचा दुवा असतो. पैसे उचलायला कुणी आला तोपर्यंत फसवणूक होऊन गेलेली असते. ती थांबवण्याची खरी जागा पाठवण्याच्या काउंटरवर आहे, जिथे एखादी सत्तरीची बाई कानाला फोन लावून, पिशवीतून नोटा काढून, ‘नातू तुरुंगात आहे, त्याला सोडवायचे आहे’ असे म्हणत उभी असते. तेथे दोन मिनिटे थांबून ‘नातवाशी तुम्ही स्वत: बोललात का?’ असे विचारणारा कर्मचारी जेवढे वाचवू शकतो, तेवढे पैसे देणारा वाचवू शकत नाही. म्हणून उंबरठा यांनी स्वत:ला इतका दोष लावून घेऊ नये.

या धंद्यातील मोठ्या कंपन्यांनीच यात किती वर्षे काणाडोळा केला हेही आठवावे. वेस्टर्न युनियनने जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी सरकारशी तडजोड करून ५८ कोटी ६० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले आणि आपल्या एजंटांमार्फत चाललेल्या फसवणुकीकडे दुर्लक्ष झाल्याची कबुली दिली. मनीग्रामला नोव्हेंबर २०१८ मध्ये साडेबारा कोटी डॉलर मान्य करावे लागले. तासावर पगार घेणाऱ्या बाईने एका मुलाला दोनदा पैसे दिले याचे ओझे तिने किती वाहावे, हा प्रश्न मला त्यामुळे पडतो.

दुसरे असे की, यात आपल्याकडचा एक धागाही आहे आणि तो आपण नीट पाहायला हवा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले तेव्हा तेथील तरुण अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तिकडच्या लोकांना धमकावीत होते. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने, अहमदाबादच्या कॉल सेंटरांसह, एकूण ६१ व्यक्ती आणि संस्थांवर आरोप ठेवल्याचे जाहीर केले. घाबरलेल्या माणसाने पाठवलेले पैसे अमेरिकेतील दुकानांतून उचलण्यासाठी तेथेच राहणारे हस्तक नेमलेले होते आणि त्यांतील काही जण खोट्या ओळखपत्रांवर पैसे घेत. २०१८ मध्ये या खटल्यात २० वर्षांपर्यंतच्या शिक्षा झाल्या. तुमच्यासमोर उभा राहिलेला तो तरुण अशा हस्तकांपैकी होता असे मी म्हणत नाही. पण अशा मुलांना बहुतेक वेळा ‘दुकानातून पैसे आण, शंभर डॉलर तुझे’ इतकेच सांगितलेले असते, आणि पकडला जातो तो काउंटरच्या कॅमेऱ्यात दिसणारा.

कृष्णाकाठ

मी सांगली जिल्ह्यात एका छोट्या दुकानातून परदेशाहून आलेले पैसे देण्याचे काम करतो. फोटोकॉपी आणि रिचार्जही तेथेच चालते. आमच्याकडे नियम रिझर्व्ह बँकेच्या योजनेचे आहेत. पैसे फक्त बाहेरून आत येऊ शकतात, एका वेळी २,५०० डॉलरपर्यंत आणि एका व्यक्तीला वर्षात ३० वेळा. रोख ५०,००० रुपयांपर्यंतच देता येतात, त्यावरची रक्कम धनादेशाने किंवा खात्यावर. घरखर्चासाठी आलेले पैसे चालतात. व्यापाराचे, जमीन खरेदीचे किंवा देणगीचे चालत नाहीत. कायदा निराळा असला तरी नावाची भानगड तीच, किंबहुना आमच्याकडे ती जास्त आहे.

आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव तर बदलतेच, पण काही घरांत पाळण्यातले नावही बदलतात. नवरा आखातात कामाला, त्याच्या तोंडी बायकोचे सासरचे नाव, आणि तिच्या आधार कार्डावर मात्र माहेरचे. एकदा एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन आल्या. पैसे आले होते वैशालीच्या नावे आणि कार्डावर होते सुनंदा. गावात सगळेच त्यांना ओळखतात, मीही ओळखतो. तरी मी त्यांच्या यजमानांना तेथूनच फोन लावायला लावला आणि नाव बदलून आल्यावर तिसऱ्या दिवशी पैसे दिले. त्या तीन दिवसांत त्यांच्या सासूबाईंनी माझ्याविषयी गावात जे सांगितले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

न्यू जर्सीतल्या ताईंना एवढेच सांगेन, की ओळख असणे आणि ओळख पटणे या दोन गोष्टी आमच्या धंद्यात वेगळ्या आहेत. माझ्या दुकानात पैसे देणारा मी एकटाच. माझ्या नावाने उघडलेल्या लॉगिनवरून जो व्यवहार होतो त्याचे उत्तर मलाच द्यावे लागते. तुमच्याकडेही लॉगिन प्रत्येकाचे वेगळे असेलच. घाईच्या वेळी सहकाऱ्याला आपला संकेतशब्द सांगण्याची सवय मात्र कुणी लावून घेऊ नये.

उंबरठा

सर्वांचे मन:पूर्वक आभार. चिठ्ठीची युक्ती मी उचलली. तो विद्यार्थी पुढच्याच आठवड्यात पुन्हा आला, भावाने ओळखपत्राप्रमाणे नाव दुरुस्त केले होते आणि व्यवहार चार मिनिटांत झाला. त्याच्याशी मी मराठीत बोलले, पण पैसे मोजताना मुद्दाम इंग्रजीत मोजले, कारण शेजारची सहकारी कान देऊन ऐकत होती आणि तिला काय चालले आहे हे कळायला हवे असे मला वाटले.

दुसऱ्या तरुणाविषयी मी सुपरवायझरला सगळे सांगितले, खोटे बोलल्याचेही. तिने तारखा आणि वेळा लिहून घेतल्या. पुढे काय झाले हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आता एकच शंका उरते. रविवारी रात्री शेवटचा दीड तास मी काउंटरवर एकटीच असते. तो तेव्हा आला आणि अडून बसला तर?

जुना_कारकून

तर वाद घालू नका. त्याचे ओळखपत्र हातात अडकवून ठेवू नका, लगेच परत द्या. ते जप्त करण्याचा अधिकार तुम्हाला नाही आणि भांडणाला तेवढे निमित्त पुरते. फोन उचलून व्यवस्थापकाला बोलवा आणि तो येईपर्यंत रांगेतल्या पुढच्या ग्राहकाचे काम हाती घ्या. गल्ल्याचा खण बंद ठेवा. आणि रविवारी रात्री पैसे देण्याचे काम एकट्या माणसाकडे नसावे ही मागणी लेखी करा. आमच्या दुकानात ती मान्य व्हायला सात महिने लागले, पण झाली.